पालव्यावरील जुना यॉट क्लब

मुंबई पाहावयास आलेला प्रवासी आसामातून आलेला असो की केरळातून, गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखाली उभा राहिल्यावाचून तो परत जात नाही. कमान पाहून झाली की त्याची नजर ताजमहाल हॉटेलच्या घुमटाकडे वळते, तेथून बंदरातील नावांकडे जाते आणि मग तो घारापुरीच्या लाँचची चौकशी करू लागतो. उत्तरेकडे, किनाऱ्याला लागूनच, सरकारी आवाराच्या आत एक उतरत्या छपरांची जुनी वास्तू उभी आहे. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिच्यावर घुमट नाही आणि तिला पाहण्यासाठी तिकीटही लागत नाही. परंतु आपल्या देशाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर ह्या एकाच वास्तूच्या भिंतींनी आतून पाहिले आहे. रॉयल बाँबे यॉट क्लबाचे जुने घर ते हेच.

यॉट म्हणजे शर्यतीची किंवा सहलीची शिडाची नौका. अशा नौकांच्या हौशी मंडळींनी १८४६ मध्ये मुंबईत हा क्लब स्थापन केला. परंतु क्लबाची कथा सांगण्यापूर्वी, वाचकहो, क्लब ही संस्था मुळात आपल्या देशात कशी रुजली हे थोडक्यात पाहणे उचित होईल.

परक्यांचे घर

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला व व्यापाऱ्याला येथे सत्ता होती, नोकरचाकर होते. पण आप्तेष्टांचे वर्तुळ नव्हते. मायदेशी पत्र पोहोचण्यास महिने लागत. ज्यांची भाषा येत नाही आणि ज्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने वागण्याची इच्छा नाही, अशा लोकांच्या देशात संध्याकाळ कोठे घालवावयाची? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे क्लब. तेथे वर्तमानपत्रे मिळत, बिलियर्ड्‌सचे टेबल असे, पत्त्यांचे डाव रंगत आणि आपल्या भाषेत आपल्या लोकांची निंदा करण्याची सोयही असे! १८२७ मध्ये कलकत्त्यास बेंगॉल क्लब निघाला, १८३२ मध्ये मद्रास क्लब, तर १८३३ मध्ये मुंबईत भायखळा क्लब. निलगिरीत उटी येथे आधी हॉटेल म्हणून बांधलेली एक इमारत पुढे क्लबाच्या हाती गेली. स्नूकर नावाचा जो खेळ आज जगभर खेळला जातो, त्याचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी भोजनगृहात झाला आणि त्याचे नियम १८८२ मध्ये ह्या उटीच्या क्लबात ठरले, असे सांगितले जाते.

म्हणजे क्लबांनी खेळ दिले, ग्रंथसंग्रह जमविले, काही देखण्या वास्तूही उभारल्या. परंतु ह्या सर्वांच्या मुळाशी एक नियम होता. त्यासाठी माणसाची विद्या, त्याचा स्वभाव किंवा त्याची नौका हाकण्याची हातोटी पाहिली जात नसे. तो कोणत्या वंशात जन्मला एवढेच पाहिले जाई. मुंबईचा यॉट क्लबही ह्याला अपवाद नव्हता.

बंदराकाठची वास्तू

क्लबाच्या वास्तूसाठी जी जागा निवडली गेली, ती मुंबईच्या भूगोलाची उत्तम जाण दाखविणारी होती. अपोलो बंदर हे तिचे नाव. हे नाव ग्रीक देवतेवरून पडलेले नसून ‘पालवा’ ह्या देशी नावाचा तो इंग्रजी अपभ्रंश आहे, असे मानले जाते. मुंबईकर त्यास पालवा बंदरच म्हणत. मुंबई बेटाच्या पश्चिमेस खुला समुद्र आहे. पूर्वेस मात्र बेट आणि कोकणचा किनारा ह्यांच्यामध्ये शांत व विस्तीर्ण बंदर पसरलेले आहे. पावसाळा सरला की ह्या बंदरात शिडाच्या नौकांना मनाजोगता वारा मिळतो. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळलेला असल्याने नौका किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात. कोकणातील आपले कोळी व तांडेल पिढ्यानपिढ्या ह्याच पंचांगाने चालत आले आहेत. साहेबाच्या हौसेलाही तेच पंचांग पाळावे लागले.

१८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या संमतीने क्लबाला आपल्या नावामागे ‘रॉयल’ हे पद लावण्याचा मान मिळाला, आणि १८८१ मध्ये पालव्यावर क्लबाची स्वतःची वास्तू तयार झाली. त्या काळी मुंबईत मोठमोठ्या सार्वजनिक इमारतींचे बांधकाम जोरात चालू होते. हायकोर्ट, विद्यापीठाचे सभागृह आणि राजाबाई टॉवर नुकतेच उभे राहिले होते; बोरीबंदरच्या भव्य स्थानकाचे काम सुरू होते. यॉट क्लबाच्या अगदी शेजारी खलाशांसाठी ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ नावाची मोठी दगडी इमारत बांधून झाली होती. तिच्यासाठी बडोद्याचे खंडेराव गायकवाड ह्यांनी मोठी देणगी दिली होती. पुढे ह्याच इमारतीत मुंबईचे विधिमंडळ भरत असे आणि आता तेथे महाराष्ट्र पोलीस दलाचे मुख्यालय आहे.

ह्या भव्य शेजाऱ्यांच्या मानाने क्लबाची वास्तू घरगुती वळणाची होती. उतरती छपरे, त्यांच्या टोकांशी उभे त्रिकोणी दर्शनी भाग, समुद्राकडे तोंड करून असलेले व्हरांडे व सज्जे, आणि पुढे पाण्यापर्यंत गेलेली हिरवळ. विलायतेतील एखाद्या मोठ्या ग्रामगृहाला मुंबईच्या हवेचे भान आले असावे, अशी तिची ठेवण. उतरते छप्पर मुसळधार पावसाचे पाणी अंगावर साचू देत नाही. खोल व्हरांड्यामुळे ऊन आणि पावसाचा सपकारा हे दोन्ही खोलीच्या भिंतीपासून दूर राहतात, वारा मात्र आत येतो. आपल्या कोकणातील पडवी आणि ओटी ह्याच कारणासाठी असतात, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हे बंदर पूर्वेकडे असल्यामुळे दुपारनंतर सूर्य इमारतीच्या मागे जातो. वास्तूची सावली आपोआप हिरवळीवर पसरते. मुंबईच्या उकाड्यात चहाच्या वेळी सावली, समोर पाणी आणि पाण्यावर शिडे, असा योग दुसरीकडे मिळणे कठीण होते. यॉट क्लबाच्या हिरवळीवरील संध्याकाळचा चहा आणि बँडचे वादन ह्यांची त्या काळच्या प्रवाशांना मोठी अपूर्वाई वाटे, ती उगाच नव्हे.

पुढे सभासदांच्या राहण्यासाठी जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रस्त्याच्या पलीकडे आणखी एक इमारत उठविण्यात आली. तिचे वास्तुशिल्पी जॉन ॲडम्स. चौपाटीजवळचे विल्सन कॉलेज ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ॲडम्स ह्यांच्या हातोटीची कल्पना येईल, कारण तेही त्यांचेच काम. उंच छताच्या खोल्या, रुंद लाकडी जिना, लांब मार्गिका आणि गॉथिक धाटणीचा दर्शनी भाग अशी ही निवासी इमारत आहे. अशा रीतीने रस्त्याच्या एका अंगास करमणूक व दुसऱ्या अंगास विश्रांती, असा क्लबाचा दुहेरी संसार मांडला गेला.

दाराबाहेरचे लोक

क्लबात हिंदी माणूस मुळीच नव्हता असे समजू नका. स्वयंपाकघरात तो होता, हिरवळीवर पाणी शिंपणारा माळी तो होता, चहाचे तबक घेऊन येणारा तो होता. सभासदाच्या नात्याने मात्र त्याला प्रवेश नव्हता, मग तो न्यायमूर्ती असो, उद्योगपती असो वा संस्थानिक. ज्या शहराची गोदी पारशी जहाजबांधणी कारागिरांनी जगात नावाजली, त्याच शहरातील नौकांच्या क्लबात त्या कारागिरांच्या वंशजांना मज्जाव असावा, ह्याहून मोठा विरोधाभास कोणता?

ह्या नियमाचे चटके कधीकधी खुद्द राज्यकर्त्यांनाही बसत. लॉर्ड विलिंग्डन हे १९१३ ते १९१८ ह्या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या हिंदी पाहुण्यांना यॉट क्लबात येण्यास हरकत घेण्यात आली आणि त्यामुळे त्यांनी सर्व जातिधर्मांच्या लोकांना खुला असा नवा क्लब काढण्यास चालना दिली, अशी हकिगत मुंबईत सांगतात. विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब हा तो क्लब. कलकत्त्यासही अशीच कथा आहे. तेथे सर राजेंद्रनाथ मुखर्जी ह्यांच्यासारख्या मान्यवर स्थापत्य-उद्योजकाला बेंगॉल क्लबाने दार उघडले नाही, आणि १९०७ मध्ये कलकत्ता क्लब जन्मास आला, असे म्हणतात.

परंतु अपमानाचे उत्तर सर्वत्र नवा क्लब काढून दिले गेले नाही. चितगाव येथील पहाडतळीच्या युरोपियन क्लबावर हिंदी लोकांना व कुत्र्यांना प्रवेश नाही अशा अर्थाची पाटी होती, असे सांगितले जाते. सप्टेंबर १९३२ मध्ये एका रात्री सूर्य सेन ह्यांच्या क्रांतिकारक गटाने ह्या क्लबावर हल्ला केला. त्याचे नेतृत्व प्रीतिलता वड्डेदार ह्या अवघ्या एकवीस वर्षांच्या पदवीधर शिक्षिकेने केले. पोलिसांच्या हाती लागण्यापेक्षा तिने विष घेऊन मरण पत्करले. एका बंद दाराची किंमत दोन्ही बाजूंना किती जबर मोजावी लागते, हे ह्या घटनेवरून दिसते.

कमान आणि तिच्या समोरची घटना

यॉट क्लबाच्या व्हरांड्यातून ह्या अवधीत जे दृश्य दिसले, ते एखाद्या नाटकाच्या अंकांसारखे होते. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज बादशहा व राणी मेरी पालव्यावर उतरले. त्या प्रसंगाचे स्मारक म्हणून जॉर्ज विटेट ह्यांच्या आराखड्यानुसार समुद्रात भर घालून गेटवे ऑफ इंडिया बांधण्यात आले व ते ४ डिसेंबर १९२४ रोजी खुले झाले. त्यानंतर सुमारे तेवीसच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश फौजेची अखेरची पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, त्याच कमानीखालून पायउतार होऊन जहाजात चढली. स्वागतासाठी उभारलेल्या कमानीला निरोपाची कमान होण्यास पाव शतकही लागले नाही.

क्लबाच्या हिरवळीवरील खुर्च्याही आता रिकाम्या पडू लागल्या होत्या. सभासदांपैकी अनेकांनी मायदेशाची वाट धरली. क्लबाने समुद्राकाठचे घर सोडले आणि आपला संसार रस्त्यापलीकडच्या निवासी इमारतीत हलविला. रिकाम्या झालेल्या वास्तूचे काय करावयाचे?

नवे रहिवासी

ह्याच सुमारास मुंबईत एक तरुण संस्था जागेच्या शोधात होती. डॉ. होमी भाभा ह्यांनी मार्च १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत पदार्थविज्ञानाच्या संशोधनासाठी संस्था काढण्याची सूचना केली होती. अणुशक्तीचा उपयोग वीजनिर्मितीसाठी होऊ लागेल, तेव्हा हिंदुस्थानला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहण्याची वेळ येऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. प्रारंभी ती बंगलोरला, मग मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ नावाच्या बंगल्यात होती. हा बंगला भाभांच्या नात्यातला. कामाचा पसारा वाढला तसा बंगला अपुरा पडला, आणि १९४९ मध्ये संस्थेने पालव्यावरील जुन्या यॉट क्लबात बिऱ्हाड केले.

वाचकहो, ह्या बदलाचे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणा. ज्या दालनांत शर्यतींच्या चषकांची चर्चा व्हावयाची, तेथे आता फळ्यावर समीकरणे लिहिली जाऊ लागली. ज्या व्हरांड्यात चहाचे प्याले किणकिणत, तेथे विश्वकिरणांवर वाद होऊ लागले. आणि पूर्वी ज्या दारातून हिंदी माणूस केवळ तबक घेऊन येई, त्याच दारातून मद्रास, बंगाल, महाराष्ट्र, म्हैसूर अशा सर्व प्रांतांतील तरुण आपल्या बुद्धीच्या बळावर आत येऊ लागले.

ह्या वास्तूतील गणित विभागाची धुरा १९४९ पासून के. चंद्रशेखरन ह्यांनी सांभाळली. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री हे दोन तरुण १९५३ मध्ये विद्यार्थी म्हणून येथे दाखल झाले. पुढे १९६५ मध्ये त्या दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेला सिद्धांत जगातील गणितज्ञ आजही अभ्यासतात. पदार्थविज्ञानाच्या बाजूस बी. व्ही. श्रीकंटन ह्यांनी १९५१ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरून जमिनीखाली पोहोचणाऱ्या विश्वकिरणांची मोजमापे घेतली. समुद्राकाठच्या घरातून निघून पृथ्वीच्या पोटात उतरावयाचे, असा तो प्रवास होता! भारतीय बनावटीच्या पहिल्या मोठ्या गणकयंत्राचा पाया घालणारे प्राथमिक यंत्रही ह्याच काळात, १९५६ मध्ये, संस्थेतील मंडळींनी चालू करून दाखविले.

मराठी वाचकांना ह्या मंडळींपैकी एक नाव विशेष आपुलकीचे वाटेल. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी ह्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक म्हणून ह्या संस्थेत होते. गोव्यात जन्मलेले हे विद्वान पुण्यात राहत आणि ‘डेक्कन क्वीन’ने मुंबईस येऊन संध्याकाळी परतत. संस्थेतील त्यांचा विषय गणित. परंतु प्राचीन नाण्यांच्या वजनाला संख्याशास्त्राची कसोटी लावता लावता ते इतिहासाकडे वळले, आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाला नवी दिशा दिली. ज्या वर्षांत हे घडले, त्या वर्षांत त्यांचा कामाचा पत्ता हाच होता.

अणुशक्तीच्या कारभाराचे सूत्रही ह्याच परिसरात गुंफले गेले. १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग नेमला गेला व १९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग निर्माण झाला. केंद्र सरकारचे बहुतेक विभाग दिल्लीत असतात. ह्या विभागाचे मुख्य कार्यालय मात्र मुंबईत राहिले. तुर्भ्यास उभारलेली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली, तेव्हा सोव्हिएत संघ वगळता आशिया खंडातील ती पहिली अणुभट्टी ठरली.

ह्या वास्तूतील संस्थेचा मुक्काम कायमचा नव्हता. १ जानेवारी १९५४ रोजी पंडित नेहरूंनी कुलाब्याच्या टोकाशी नव्या इमारतीची कोनशिला बसविली आणि जानेवारी १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे एका तपानंतर शास्त्रज्ञ जुन्या क्लबातून बाहेर पडले. वास्तू मात्र अणुऊर्जा विभागाकडे राहिली आणि तिच्या आवारात विभागाचे ‘अणुशक्ती भवन’ उभे आहे.

आज काय दिसते

आज पालव्यावर गेलात तर दोन्ही इमारती आपल्याला दिसतील. समुद्राच्या बाजूस सरकारी आवारातील जुने क्लबगृह आणि रस्त्याच्या पलीकडे जॉन ॲडम्स ह्यांची निवासी इमारत. दुसऱ्या इमारतीत यॉट क्लब अजून नांदत आहे. त्याचे सभासद आता भारतीय आहेत आणि पावसाळा संपला की त्यांच्या नौकांची शिडे बंदरात पूर्वीप्रमाणेच उभारली जातात. मधल्या रस्त्याचे पूर्वीचे नाव अपोलो पिअर रोड. आता तो छत्रपती शिवाजी महाराज मार्ग आहे. गेटवेसमोरच्या बागेत २६ जानेवारी १९६१ रोजी शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा बसविण्यात आला. ज्याने सागरी सत्तेचे मर्म ओळखून आरमार उभारले, त्या राजाची मूर्ती ह्या बंदराकाठी असावी, हे उचितच म्हणावयाचे.

जुन्या सत्तेच्या खुणा पुसून टाकाव्यात की जपाव्यात, हा प्रश्न स्वतंत्र देशांपुढे वारंवार येतो. काहींना वाटते, ज्या भिंतींआड आपला अपमान झाला त्या पाडल्याच पाहिजेत. त्या भावनेमागचे दुःख खरे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. उलट काहीजण जुन्या वैभवाच्या वर्णनात इतके रमतात की हिरवळीच्या कडेला उभा असलेला माळी त्यांना दिसतच नाही. पालव्यावरील वास्तूने ह्या दोहोंहून निराळी वाट दाखविली आहे. तिची एक वीटही अपराधी नव्हती. अपराध होता तो दारावरील नियमाचा. नियम बदलला, आणि त्याच व्हरांड्याने व त्याच वाऱ्याने नव्या माणसांना विचार करण्यास निवांतपणा दिला. जन्म पाहून मिळणाऱ्या प्रवेशाच्या जागी बुद्धी पाहून मिळणारा प्रवेश आला. वास्तुशिल्पात ह्याहून मोठा फेरबदल कोणता असणार? आणि त्यासाठी एक भिंतही पाडावी लागली नाही.

आपल्या गावीही अशी एखादी वास्तू असेल. कोठे जुना जिमखाना, कोठे छावणीतील भोजनगृह, कोठे रेल्वे वसाहतीतील इन्स्टिट्यूट किंवा चहामळ्यावरील क्लब. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन ती अवश्य पाहावयास जा. छपराचा उतार, व्हरांड्याची खोली, खिडक्यांची तोंडे नीट न्याहाळा. हवेचा, उन्हाचा आणि पावसाचा विचार करून ती कशी बांधली आहे ते मुलांना समजावून सांगा. मग त्यांना आणखी दोन प्रश्न विचारा. पूर्वी ह्या दारातून कोणाला आत येऊ देत नव्हते? आणि आज येथे कोणाला येऊ देत नाहीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत सापडेल. दुसऱ्याचे उत्तर शोधणे आणि ते आवडले नाही तर दारावरचा नियम बदलणे, हे मात्र आपल्याच हाती आहे.